फणीपलीकडची जोडी

दादरहून लालबागला येताना टॅक्सीत मी मांडीवर दहा लिटरचा झाकणाचा डबा धरून बसलो होतो आणि दर पाच मिनिटांनी झाकण उचलून आत सोडलेला थर्मामीटर वाचत होतो. निघताना सत्तावीस होतं. हिंदमाताच्या सिग्नलला साडेसत्तावीस. लालबागच्या पुलाखाली अठ्ठावीस. टॅक्सीवाल्याने आरशातून दोनदा बघितलं आणि शेवटी विचारलं, "साहब, बम है क्या?"

"मछली है."

"खाने का?"

मी झाकण उचलून पुन्हा आकडा वाचला.

डब्यात दोन क्लाऊनफिश होते. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. मादी सात सेंटीमीटर, नर जेमतेम चार. सोळा वर्षं ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मित्राची ही जोडी. त्याची नागपूरला बदली झाली. समुद्राच्या पाण्याची टाकी घेऊन नागपूरला जाता येत नाही. दगड, कोरल त्याने ओळखीत वाटून टाकले, पण ही जोडी द्यायला त्याला माणूस मिळेना. एका दुपारी डबा खाता खाता त्याने विचारलं, "तू नेशील का रे?" आणि मी "हो" म्हणून बसलो. विजेचं बिलसुद्धा मी दोनदा वाचतो. या बाबतीत अर्धा मिनिटही विचार केला नाही.

तो म्हणाला, "दर रविवारी दहा वाजता फोन करीन. खरं असेल ते सांगायचं. मेले तर मेले म्हणायचं."

"मरायला काय झालं?" मी म्हणालो.

आमच्या घरी आधीच एक जोडी होती, सहा वर्षांची. भीती होती ती त्यामुळे.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशेबाने अडीचशे लिटर, पण दगडांची जागा वजा केली तर पाणी दोनशे दहा लिटरच राहतं. सगळं मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं. चाळीच्या जागी ही इमारत उभी राहिली आणि आम्हाला अकराव्या मजल्यावर दीड खोल्यांचं घर मिळालं, तेव्हा ती टाकी कोणत्या भिंतीला लावावी यासाठी मी बांधकामाच्या इंजिनिअरला तीनदा भेटलो होतो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "अहो, त्या बीमवर हत्ती ठेवा." मी तरी मधोमध न ठेवता खांबाकडे सरकवून ठेवली.

क्लाऊनफिशमध्ये मादी मोठी असते आणि घर तिचं असतं. आमच्या मादीने टाकीच्या डाव्या बाजूच्या मोठ्या दगडावर, तिथल्या समुद्रफुलात बस्तान मांडलं होतं. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, झुलणाऱ्या बोटांचा एक जिवंत प्राणी. त्याचा डंख बाकीच्या माशांना बाधतो, क्लाऊनला बाधत नाही. मी काच पुसायला हात घातला की ती येऊन मनगटाला चावायची. आठ सेंटीमीटरचा मासा, पण चावला की हात मागे यायचा. अशा टाकीत दुसरी जोडी सोडू नये, असं या छंदातले सगळे सांगतात. मी तिघांना विचारलं. दोघे म्हणाले, "मारून टाकेल." तिसरा म्हणाला, "सोडायचीच असेल तर दगड हलव."

ते पुढे सांगतो. आधी बाबांविषयी.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे साच्यावर, मागावर, कापड विणायचे. संप झाला तेव्हा मी सातवीत होतो. भोंगा बंद झाला आणि आमच्या चाळीला किती वाजले हे कळेनासं झालं, हे मला पक्कं आठवतं. तेव्हापासून मला आकडा लिहून ठेवायची सवय लागली. शाळेतून आलो किती वाजता, नळ आला किती वाजता, बाबा सभेहून परतले किती वाजता. बाबांना उशीर झाला की वहीत तो रकाना रिकामा दिसायचा आणि मी जिन्यात जाऊन बसायचो. आज टाकीच्या वहीत खारेपणा आणि तापमान लिहितो, ती तीच खोड आहे.

आता बाबा शहात्तरचे आहेत. आई गेल्यापासून त्यांची खुर्ची टाकीसमोर असते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने धूसर दिसतं. तरी मादीचं काही बिनसलं असेल तर माझ्या वहीच्या आधी बाबांना कळतं.

नवी जोडी मी लगेच टाकीत सोडली नाही. मोरीशेजारी एक लहान काचेची पेटी मांडून त्यात एकवीस दिवस वेगळी ठेवली. रोगराई असेल तर तिथेच कळावी म्हणून. एकवीस दिवसांत दोघं रोज खात होती. नर सतत मादीच्या पोटाखाली असायचा, तिने वळलं की वळायचा. रविवारी दहाला फोन यायचा आणि मी सांगायचो, "खातायत. पट्टे पांढरे. शेपट्या धड."

अठराव्या दिवशी मी एक प्रयोग केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं. नव्या मादीला मोठ्या काचेच्या बरणीत घेतलं आणि बरणी मोठ्या टाकीत उतरवली. आमची मादी फुलातून सुटली ती सरळ काचेवर. तोंडाने ठोसे मारायला लागली. बाहेर टकटक ऐकू येत होती. दहा मिनिटांत एकेचाळीस ठोसे. आतली मादी बरणीच्या तळाला आडवी पडली, पट्टे राखी झाले.

"बस कर," बाबा म्हणाले. "काढ ती भायेर."

मी वहीत ४१ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. आठवडाभर मला ऑफिसात ती टकटक ऐकू येत होती.

आता दगडांची गोष्ट. टाकीतले सगळे दगड काढून वेगळ्या रचनेत लावले, तर जुन्या माशाला आपली जागा ओळखू येत नाही. सगळेच नवे होतात, आणि त्या गोंधळात भांडण कमी होतं. तिसऱ्या माणसाने मला हाच उपाय सांगितला होता. जेवताना मी तो बाबांना सांगितला. सांगताना जरा उत्साहानेच सांगितला, कारण मला त्यातला तर्क पटला होता.

बाबांनी घास खाली ठेवला.

"आमका हेच केल्यांनी," ते म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडी गावची मालवणी येते.

संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. माणसं एकेक करून परत गेली. बाबा दीड वर्षाने गेले, तेही आईने दार अडवून सांगितल्यावर. पहिल्या दिवशी मुकादमाने कुणालाच त्याचे साचे दिले नाहीत. सगळ्यांना हलवलं. ज्या दोन साच्यांवर बाबांनी चौदा वर्षं काढली, त्यांवर तिसराच माणूस आणि बाबा दोन ओळी पलीकडे.

"आपल्या साच्याचा आवाज वेगळा असतो," ते म्हणाले. "धागा तुटायच्या आधी कानाला कळतं. दुसऱ्याच्या साच्यावर महिनाभर मी बहिरा होतो. कोण कोणाशी बोलत नव्हतं. शांतता झाली, बरोबर आहे तुझं. मुकादमाला तीच पायजे होती."

मग म्हणाले, "तिची जागा काढू नको."

वडिलांनी एवढं सलग बोलणं घरात दुर्मीळ. मी दगडांचा विषय तिथेच सोडला. दुसरा उपाय उरला तो टाकीला मधोमध पडदा लावण्याचा. दोन्ही जोड्यांनी महिना-दोन महिने एकमेकांना बघत राहावं, पाणी एकच असावं, पण तोंड पोचू नये. यासाठी छताच्या दिव्यांना लावतात ती चौकोनी भोकांची प्लॅस्टिकची जाळी वापरतात. मी भोक मोजलं, चौदा मिलिमीटर. नव्या नराची उंची सोळा, पण तो अंग तिरकं करून घुसला तर? डोकं अडकलं तर? मी कागदावर काढून बघितलं. अडकणार, असंच उत्तर येत होतं.

"बारीक पायजे का?" बाबांनी विचारलं. "थांब."

ते उठले, स्टुलावर चढू नका म्हणून मी म्हणेपर्यंत चढले, आणि माळ्यावरून जुन्या लुंगीत गुंडाळलेली एक लांब पट्टी काढली. ती मागावरची फणी होती. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वेगवेगळे ठेवणारी, पोलादी पात्यांची कंगव्यासारखी चौकट, वर-खाली दोन काठांना बांधलेली. गिरणीचे साचे भंगारात निघाले तेव्हा बाबांनी ती भंगारवाल्याकडून मागून आणली होती. चादरीच्या रुंद साच्याची, शहात्तर इंच लांब, साडेचार इंच उंच. पाती इंचाला बावीस. मधून पाणी जाईल, माशाच्या परांचं टोकसुद्धा जाणार नाही.

"कापावी लागेल," मी म्हणालो.

"काप की."

अठरा इंचांचे चार तुकडे, एकावर एक, म्हणजे बरोबर दीड फूट. चार इंच उरणार होते. मी ते आकडे मांडले आणि मला इतकं बरं वाटलं की आता त्याची लाज वाटते. लोखंड कापायची करवत डायनिंग टेबलावर चालली तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोळ्यांना लोखंडाचा कीस लागला तर हरकत नाही, डॉक्टरांनी मला लोह कमी आहेच म्हणून सांगितलंय."

बाबा हसले. कित्येक दिवसांनी.

मी तपासणी केली नाही असं नाही. उरलेल्या चार इंचांतली दहा पाती सुटी केली, खाऱ्या पाण्याच्या पेल्यात दोन दिवस ठेवली. गंज नाही. पाण्याला रंग नाही. वहीत लिहिलं: पाती ठीक. पण पाती सुटी करताना काठांची बांधणी मी कापून टाकली होती. काठांना दोरा गुंडाळून त्यावर काळा, चकचकीत, दगडासारखा घट्ट लेप होता. मला ते रोगण वाटलं. पेल्यात तो गेलाच नाही. मी जे मोजलं ते अचूक मोजलं, आणि जे बघायला हवं होतं ते कापून केराच्या डब्यात टाकलं.

शनिवारी सकाळी पडदा बसवला. उजवीकडे नवी जोडी सोडली. आमची मादी आली, पात्यांवर तोंड आपटलं, पुन्हा आपटलं. दहा मिनिटांत सव्वीस. संध्याकाळी नऊच ठोसे. रविवारी मित्राचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "सोडली. मध्ये पडदा आहे. बाबांनी आपली फणी दिली."

"काकांना सांग, आभारी आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज ओला वाटला. रिकाम्या घरात एकटाच राहत होता तिथे.

सोमवारी संध्याकाळी समुद्रफूल मिटलं होतं. नव्याने काही हललं की ते एखाद दिवस मिटतं, असं मी स्वतःला समजावलं. खारेपणा बरोबर, तापमान सव्वीस. वहीतले सगळे रकाने चांगले होते.

मंगळवारी सकाळी पावणेसातला मी चहा घेऊन टाकीपाशी गेलो आणि कप तसाच खाली ठेवला. पाण्यावर पातळ तवंग होता, उन्हात जांभळा-हिरवा दिसणारा. गाळणीतून फेस ओसंडून जमिनीवर आला होता. चारही मासे वर, पाण्याच्या कडेला तोंड लावून. आमची मादी एका कुशीवर कलंडत होती, सावरत होती, पुन्हा कलंडत होती.

बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना तवंग दिसला नसावा. त्यांनी वास घेतला.

"डांबर," ते म्हणाले. आणि मग, "फणीचा वास हा. उन्हाळ्यात साचेखात्यात असाच यायचा. डांबर लावतात रे दोऱ्याला, बांधणी सुटू नये म्हणून." त्यांनी काचेला हात लावला. "माका म्हायत होता."

मी बाह्या वर केल्या.

पडदा काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो काढला की दोन्ही जोड्या समोरासमोर येणार, हेही मला स्वच्छ दिसत होतं. नवी जोडी परत लहान पेटीत टाकायची तर ती पेटी मी शनिवारीच औषधाने धुऊन कोरडी केली होती आणि साठ्यातलं शुद्ध पाणी तिच्यात घातलं तर मोठ्या टाकीला काही उरलं नसतं. साठ्यातलं चाळीस लिटर मी लगेच बदललं, गाळणीत कोळशाची पिशवी टाकली. दोनशे दहात चाळीस म्हणजे पाचवा हिस्साही नाही. आणखी शंभर तरी हवं होतं. घरात मीठ कालवून पाणी करायला एक दिवस मुरवावं लागतं. तो दिवस माझ्याजवळ नव्हता.

चार तुकडे एकेक करून बाहेर घेतले. मासे भांडले नाहीत. भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

बायको सातच्या आधीच शाळेत शिकवायला गेली होती. मी बाबांना म्हणालो, "बघत राहा. हात घालू नका." आणि दादरच्या मासळीबाजारात गेलो.

मला समुद्राचं पाणी वरळी कोळीवाड्यातल्या एका मावशींकडून मिळतं. त्या दादरला बसतात. त्यांच्या नवऱ्याची होडी लांब जाते, तिथून स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून आणतात. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आणि काठचं पाणी म्हणजे निव्वळ गाळ. मावशींच्या पुढ्यात खाडीचे थोडे मासे आणि सुकटीचे ढीग होते.

"आयलास?" मला बघून त्या म्हणाल्या. "होड्या वर काडल्या का तुजं रडगानं चालू."

"मावशी, मासे मरतायत."

"माजे तं सकालीच मेले. ही बघ टोपली."

शेजारच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "ह्योच काय तो? पापलेटाचे गाल उचलून बघतो न् घरात मासली पालतो?"

"मावशी, खरंच. डांबर पडलं पाण्यात."

त्या हसायच्या थांबल्या. डांबर म्हटल्यावर त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. होड्यांना काय लावतात ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. हात पुसत म्हणाल्या, "घरी सा कॅन हायत. होड्या काडायच्या आदी नवऱ्यानं भरून ठेवले. मीच म्हनलं व्हतं, तो येईल बोंबलत. सुनेला फोन करते, तू पल आदी."

वरळीच्या गल्लीत टॅक्सी शिरत नाही. वीस-वीस लिटरचे सहा कॅन मी दोन-दोन करून बाहेर आणले. प्रत्येक फेरीला मी मनात हिशेब करत होतो: एकशेवीस भागिले दोनशे दहा, निम्म्याहून जास्त, सत्तावन्न टक्के. सत्तावन्न टक्के पुरेल का, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. टॅक्सीत बसून पाण्याचा वास घेतला. समुद्राचाच होता.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. लिफ्टमधून पहिले दोन कॅन घेऊन आलो तर दार उघडंच. बाबा स्टुलावर उभे, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत भिजलेली, दोन्ही हात टाकीत. पाणी जमिनीवर सांडलेलं. त्यांनी डावीकडचा मोठा दगड, समुद्रफुलासकट, उचलून मधोमध आणला होता. उजवीकडचे दोन डावीकडे गेले होते. उरलेले ते चाचपडत काढत होते.

"बाबा!"

"गप रव."

मी कॅन ठेवले आणि त्यांना मागून धरलं. त्यांच्या मनगटावर लाल डाग होता. मादी चावली होती, बहुतेक अनेकदा.

नंतर कळलं ते असं: मी निघाल्यावर अर्ध्या तासात आमच्या मादीला थोडं त्राण आलं होतं. त्राण आलं तसं तिने नव्या नराला गाठलं. नव्या मादीला नाही, नराला. त्याला पंपाच्या नळीमागे कोंडलं आणि शेपटी चावत राहिली. बाबांनी काच वाजवली, लाकडी पळी आत घातली. ती हटेना. मग त्यांनी बाही वर केली.

"आता कोणाचंच काही नाही," ते म्हणाले. पायाचा तोल सांभाळत खाली उतरले. "होऊ दे शांत."

टाकीत खरंच शांतता होती. आमची मादी मधोमध थांबली होती, इकडे वळत होती, तिकडे वळत होती. तिचं फूल समोरच होतं, पण ती त्यात गेली नाही. तिचा नर दिसत नव्हता. नवी जोडीही दिसत नव्हती. मी पाणी बदलायला लागलो. बाबा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. दुपारी जेवायला उठले नाहीत. बायको शाळेतून आली, जमीन बघितली, फणीचे चार तुकडे गॅलरीत बघितले, आणि काही न विचारता पोतेरं घेतलं.

त्यानंतरचे चार दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. ऑफिसात मी बेरजा दोनदा चुकलो. पाणी बुधवारी निवळलं, तवंग गेला, गाळणी शांत झाली. समुद्रफूल गुरुवारी अर्धं उघडलं. तीन मासे खायला आले. चौथा, तो चार सेंटीमीटरचा नर, डाव्या कोपऱ्यातल्या कपारीत होता. शेपटीचा वरचा अर्धा भाग नव्हता, उरलेल्याच्या काठाला पांढरी किनार. श्वास घेताना त्याच्या गालावरचे कल्ले इतक्या वेगाने उघडमीट करत होते की मला सारखं बघवत नव्हतं. मिनिटाला किती ते मोजलं. मंगळवारी एकशे चौसष्ट. गुरुवारी एकशे पन्नास. शनिवारी एकशे चाळीस. खाणं तो तोंडात घेई आणि टाकून देई. नवी मादी कपारीच्या तोंडाशी उभी असायची. आमची मादी दर थोड्या वेळाने तिथवर येई, थांबे आणि परत जाई. पाणी कापत ती त्या बाजूला निघाली की मी हातातलं काम सोडून काचेपाशी यायचो. ती कधी आत शिरेल आणि कधी नाही, हे सांगणारा आकडा माझ्याकडे नव्हता.

बाबांनी खुर्ची खिडकीकडे वळवली होती.

रविवारी नऊपासूनच मी फोन जवळ घेऊन बसलो. काय सांगायचं हे तीन प्रकारे मनात जुळवून ठेवलं होतं. "जरा अशक्त आहे." "थोडी शेपटी झिजली." "पाण्याचा प्रॉब्लेम झाला होता, आता ठीक." तिन्ही वाक्यं खोटी नव्हती. दहाला एक मिनिट कमी असताना फोन वाजला.

"बोल," तो म्हणाला. "खातायत?"

"तीन खातायत," मी म्हणालो. "तुझा नर खात नाही. शेपटी अर्धी गेलीय. माझ्यामुळे गेली. मी टाकीत डांबर घातलं."

मी सगळं सांगितलं. पाती तपासली, बांधणी तपासली नाही, इथपासून. आकडे सांगितले. सांगताना लक्षात आलं की बाबा खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आले आहेत आणि त्यांनी हात पुढे केलाय.

मी फोन दिला.

"फणी माझी होती," बाबा म्हणाले. "हो. डांबर. मला ठाऊक होतं, डोक्यात आलं नाही... नाही नाही, त्याने हात घालू नका म्हणून सांगितलं होतं. दगड मी हलवले." ते बराच वेळ ऐकत राहिले. "तू रडू नको रे बाबा," एकदा म्हणाले. मग पुन्हा ऐकलं. "बरं. मोजतो. धर."

त्यांनी फोन खाली न ठेवता मला म्हटलं, "तो म्हणतो, त्याच्याकडे श्वास मिनिटाला नव्वदच्या आत असायचा. आत्ता किती ते सांगा. मला काय ते दिसणार नाही. तू मोज, मी घड्याळ बघतो."

मी कोपऱ्यापाशी गुडघ्यावर बसलो. काचेला नाक लागलं. नर कपारीत होता, तोंड बाहेर काढून. नवी मादी जरा बाजूला सरकली होती. आमची मादी मध्यावर होती, आमच्याकडे बघत असावी.

"हां," बाबा म्हणाले.

मी मोजायला लागलो. साठाच्या पुढे डोळ्यांत पाणी आलं, पण पापणी मिटली नाही, मोजणी चुकली असती.

"थांब."

"एकशे अठरा," मी म्हणालो.

बाबांनी तो आकडा फोनमध्ये सांगितला, ऐकलं, आणि माझ्याकडे वळले.

"तो म्हणतो, परत मोजा."

मी परत मोजलं. एकशे एकवीस आलं. तोही सांगितला.